आत्म्याची रोजकीर्द

इंग्लंडच्या एसेक्स परगण्यातील बार्न्स्टन या खेड्याचा धर्मोपदेशक जॉन बीडल याने १६५६ साली, म्हणजे आपल्याकडे जावळी शिवाजीमहाराजांच्या ताब्यात आली त्याच वर्षी, कृतज्ञ ख्रिस्ती मनुष्याने रोजनिशी कशी आणि कशासाठी ठेवावी या एकाच विषयावर एक स्वतंत्र ग्रंथ छापून प्रसिद्ध केला. ग्रंथकर्ता कोणी मोठा पंडित नव्हता, आणि त्याचे नाव आज त्याच्या देशातही फारसे कोणास ठाऊक नाही. परंतु त्याचा युक्तिवाद मोठा रोखठोक होता. दुकानदार आपली रोजकीर्द लिहितो, सावकार खतावणी ठेवतो, वकील मागील निवाडे टिपून ठेवतो, वैद्य रोग्यांवरील अनुभव लिहितो, राज्यकर्त्यांचे तर दफ्तरखानेच्या दफ्तरखाने असतात. असे असता ज्याचा व्यवहार प्रत्यक्ष परमेश्वराशी चाललेला आहे त्या मनुष्याने मात्र आपल्या खात्यावर काय जमा झाले आणि काय नावे पडले याची नोंद ठेवू नये, हे कोणत्या न्यायाने, असा त्याचा सवाल होता.

दुःखी मनाने वही उघडावी, प्रभूला उद्देशून मनातले सारे तीत लिहावे आणि हलके होऊन उठावे, असा उपदेश हल्ली ख्रिस्ती मंडळ्यांतून पुष्कळ ऐकू येतो, आणि तो ऐकणाऱ्याचा असा समज होतो की या वहीचा जन्म सांत्वनासाठीच झाला असावा. जुनी दफ्तरे पाहू जाता निराळेच चित्र दिसते. ही वही मुळात तपासणीची वस्तू होती. तीत मनुष्य प्रथम आरोपी म्हणून उभा राहिला, आणि सांत्वन त्याच्या वाट्याला मागाहून, जमेच्या बाजूने आले, तेही सर्वांच्या नव्हे. ते कोणास लाभले आणि कोणास लाभले नाही, हा या इतिहासातील सर्वांत विचार करण्याजोगा भाग आहे.

१२१५ साली रोम येथे भरलेल्या लॅटरनच्या चौथ्या धर्मपरिषदेने असा दंडक घातला होता की, प्रत्येक जाणत्या ख्रिस्ती स्त्रीपुरुषाने वर्षातून निदान एकदा आपल्या धर्मगुरूपुढे पापांची कबुली द्यावी. गोवा व वसई येथील कॅथलिक समाजात ही चाल आजही चालू आहे, आणि तीत मानवी मनाची जी ओळख आहे ती नाकारण्यात अर्थ नाही: मनुष्य बोलतो, दुसरा मनुष्य ऐकतो, प्रायश्चित्त सांगतो, क्षमा उच्चारतो आणि प्रकरण निकालात निघते. सोळाव्या शतकात धर्मसुधारणेच्या लाटेत इंग्लंडमधून ही सक्तीची कबुली गेली, पण कबुलीची गरज काही गेली नाही. उलट, तारणासाठी देवाने कोणास निवडावयाचे हे अनादिकालापासून ठरलेले आहे, आणि आपण निवडलेल्यांपैकी आहो की नाही याच्या खुणा मनुष्याने स्वतःच्याच अंतःकरणात शोधावयाच्या आहेत, या कॅल्व्हिनपंथी शिकवणीमुळे ती शतपटीने वाढली. ऐकणारा धर्मगुरू उठून गेला आणि त्याच्या रिकाम्या आसनावर कोरा कागद येऊन बसला. मात्र कागद ऐकत असला तरी क्षमा उच्चारीत नाही. म्हणून येथे प्रकरण कधीच निकालात निघत नसे, रोज रात्री त्याची पुन्हा सुनावणी होई.

या पहिल्या पिढीच्या वह्या वाचताना कधी आदर वाटतो, कधी हसू आवरत नाही. त्याच एसेक्स परगण्यातील वेदर्सफील्डचा उपदेशक रिचर्ड रॉजर्स याने १५८७ ते १५९० या वर्षांत लिहिलेली रोजनिशी उपलब्ध आहे. मन प्रार्थनेतून घसरून जगाच्या व्यवहाराकडे किती वेळा गेले, याचे गाऱ्हाणे तीत पानोपानी आहे. केंब्रिजचा सॅम्युएल वॉर्ड, जो पुढे बायबलच्या राजमान्य इंग्रजी भाषांतरकारांपैकी एक झाला, तो तरुणपणी आपल्या वहीत अहंकार आणि आळस यांच्याबरोबर नासपती, आलुबुखार व चीज यांवर मारलेल्या तावाचीही पाप म्हणून नोंद करीत असे. यॉर्कशरमधील हॅकनेस येथील लेडी मार्गारेट होबी हिची १५९९ ते १६०५ पर्यंतची रोजनिशी ही इंग्रजीतील स्त्रीने लिहिलेली सर्वांत जुनी ज्ञात रोजनिशी समजली जाते. तीत एकांतप्रार्थना, आत्मपरीक्षण, घरकाम, गावातील गोरगरिबांच्या जखमा धुणे व बांधणे हे सारे इतक्या एकाच स्वरात लिहिले आहे की, या बाईच्या मनात काय चालले असेल याचा वाचकास पत्ताच लागत नाही. मला या कोरडेपणाचा राग येत नाही. दुसऱ्याची जखम बांधणे आणि स्वतःच्या अंतःकरणाची झडती घेणे ही दोन्ही एकाच ओळीत मांडणारी बाई स्वतःबद्दल अवास्तव विचार करीत नसावी, एवढे तरी त्यावरून समजते.

परंतु ज्याच्यामुळे हा विषय केवळ धर्मेतिहासाचा न राहता मनाच्या आजाराचा आणि आरामाचा होतो, तो इसम म्हणजे लंडनच्या ईस्टचीप भागातील कातारी नेहेमाया वॉलिंग्टन. याचा जन्म १५९८ चा. बाप कातारी, आणि आई हा पाच वर्षांचा असतानाच वारलेली. ऐन तारुण्यात, विशीच्या आसपास, याला अशी घोर विषण्णता जडली की आपण देवाच्या कृपेस कायमचे मुकलो या खात्रीने त्याने अनेक वेळा जीव देण्याचा यत्न केला. कधी विष, कधी सुरी, कधी खिडकीतून उडी, असे हे प्रसंग त्याने स्वतःच पुढे सविस्तर लिहून ठेवले आहेत. आत्महत्या हे ज्या काळी कायद्याने घोर अपराध आणि धर्माने अक्षम्य पाप मानले जाई, त्या काळी एका सामान्य कारागिराने हे स्वहस्ते कागदावर आणावे, यातील धैर्य आज आपल्या सहज ध्यानात येत नाही.

वॉलिंग्टनने स्वतःसाठी आचरणाची कलमे तयार केली होती, आणि कलम मोडल्यास गरिबांच्या पेटीत दंड टाकावयाचा असा नियम केला होता. रागावलो, आळस केला, प्रार्थनेत लक्ष नव्हते, की लागलीच किरकोळ नाणे पेटीत जाई. दंडाच्या रकमा लहान असत, कारण दंड भरणाराच कर्जात बुडालेला असे. त्याला धंदा फारसा साधला नाही, आणि एका कारागिराने तर त्याला दीर्घकाळ लुबाडले. दिवसा कातारकाम, म्हणून लिहिण्यासाठी तो पहाटेपूर्वी, कधी कधी दोन-तीन वाजताच उठे, आणि घरातली मंडळी सामुदायिक प्रार्थनेसाठी जागी होण्यापूर्वी आपले लेखन उरकी. या क्रमाने त्याने पन्नास वह्या भरल्या. त्यांतील सातच आज शिल्लक आहेत आणि त्या निरनिराळ्या ग्रंथसंग्रहांत विखुरल्या आहेत.

१६२५ साली लंडनमध्ये प्लेगचा कहर झाला. वॉलिंग्टनच्या घरातली मोलकरीण आधी गेली, आणि मग त्याची लहानगी मुलगी एलिझाबेथ पडली. मरणाच्या आदल्या रात्री ती बापाला म्हणाली की उद्या मी बाहेर जाईन आणि तुमच्यासाठी आलुबुखाराची कचोरी घेऊन येईन. हे त्याने जसेच्या तसे टिपले आहे, आणि त्या नोंदीभोवती पापाचा, निवडीचा अथवा दैवी योजनेचा एक शब्दही नाही. पुढे तो कबूल करतो की मुलीच्या मृत्यूने आपण स्वतःला इतके विसरलो की देवाशी केलेले सारे संकल्प मोडले आणि कोणाचेही समाधान मनास लागेना. येथे त्याची बायको ग्रेस पुढे येते. तिचे म्हणणे असे की मूल देवाचेच होते, आणि ज्या आनंदाने ते आपण घेतले त्याच मनाने ते परत दिले पाहिजे. वॉलिंग्टनने तेही लिहून ठेवले. अशा ठिकाणी धर्मनिष्ठ स्त्रीची ही समजूत आपणास कठोर वाटण्याचा संभव आहे. पण ती बाई स्वतःच त्या मुलीची आई होती, हे विसरून चालणार नाही. या दांपत्याच्या अपत्यांपैकी एकटी एक मुलगीच वाचली.

माझ्या मते या वहीचे औषधी गुण कोठे होते ते येथे कळते. बरे करणारी गोष्ट निव्वळ लिहिणे ही नव्हती. निव्वळ लिहिण्याने तो विशीत बरा झाला नव्हता. वॉलिंग्टनच्या वह्यांचा रोख हळूहळू बदलत गेला आहे. आरंभीच्या वह्यांत नावे पडलेल्या रकमाच अधिक, तर पुढच्यांत देवाच्या दयेच्या नोंदी वाढत जातात: आग लागली पण आपले घर वाचले, मूल जिन्यावरून पडले पण त्यास इजा झाली नाही, पैशाची नड होती आणि अचानक माल खपला. मग तो शेजारपाजारच्या, लंडन शहराच्या आणि राज्याच्या गोष्टी लिहू लागतो. १६३८ साली निषिद्ध पुस्तकांच्या प्रकरणात त्याला स्टार चेंबर या भयप्रद न्यायकचेरीपुढे उभे राहावे लागले, तीही हकीकत त्यात आहे. आणि १६५४ साली, मृत्यूपूर्वी चार वर्षे, त्याने आपल्या सर्व वह्या पुन्हा वाचून काढल्या, त्यांची यादी केली आणि त्यांतील वेचक मजकुराची एक स्वतंत्र वही सिद्ध केली. ज्याला विशीत आपल्या आयुष्याला एक दिवसही पुढे न्यावेसे वाटत नव्हते, तो छप्पन्नाव्या वर्षी त्याच आयुष्याचा ताळेबंद मांडून बसला होता, आणि शिल्लक आपल्या बाजूची निघते हे पाहून त्याला मोठे समाधान वाटत होते. रोजकीर्द लिहिणाऱ्यास दिवसाचा तोटाच दिसतो. खतावणी चाळणारालाच काही वर्षांचा हिशेब दिसतो.

या काळात विषण्णतेविषयी वैद्यकही बोलत होते. टिमथी ब्राइट या वैद्याने १५८६ साली तिच्यावर एक ग्रंथ लिहिला, आणि शरीरातील कृष्णपित्ताने आलेली उदासी वेगळी व पापाच्या जाणिवेने आलेली व्यथा वेगळी, असा भेद करण्याची खटपट केली. गंमत अशी की याच ब्राइटने दोनच वर्षांनी इंग्रजीसाठी लघुलेखनाची एक पद्धती काढून प्रसिद्ध केली; आणि पुढे रोजनिश्या लिहिणाऱ्या पुष्कळ धार्मिकांनी आपली सर्वांत लाजिरवाणी पापे अशाच गुप्त लिपींत लिहिली. रॉबर्ट बर्टनने १६२१ च्या आपल्या प्रचंड ग्रंथात तर सरळच सांगून टाकले की आपण विषण्णतेवर लिहितो ते विषण्णता टाळण्यासाठी. बर्टन स्वतः धर्मोपदेशक होता, आणि धार्मिक विषण्णतेवर त्याने एक मोठा भाग खर्ची घातला आहे. म्हणजे लेखन हे औषध आहे ही कल्पना त्या काळी होती. फक्त पापाच्या वहीशी तिची सांगड अजून कोणी घातली नव्हती.

अठराव्या शतकात ही चाल अटलांटिक महासागराच्या दोन्ही तीरांवर पसरली. ऑक्सफर्डला शिकत असता जॉन वेस्लीने १७२५ साली रोजनिशीला आरंभ केला, आणि काही वर्षांनी तर तो तासातासाची नोंद करून स्वतःच्या भक्तीच्या उत्कटतेला अंकांत गुण देऊ लागला. या हिशेबीपणाचे कौतुक करावे की कीव करावी हे ठरविणे कठीण आहे. ऱ्होड आयलंडमधील न्यूपोर्ट गावची शिक्षिका सारा ऑस्बोर्न ही अधिक जवळची वाटते. १७१४ साली लंडनमध्ये जन्मलेली ही बाई तरुणपणीच विधवा झाली, आत्महत्येच्या विचारांशी झगडली, पुन्हा लग्न केले तो दुसऱ्या नवऱ्याचे दिवाळे निघाले, आणि १७४४ मध्ये तिचा एकुलता एक मुलगा वारला, तोही त्याच्या तारणाबद्दल आईची खात्री होण्याआधीच. शाळा चालवून पोट भरणाऱ्या या बाईच्या हातच्या दोन हजारांहून अधिक पृष्ठांचे लेखन आजही शिल्लक आहे. तीही जुन्या वह्या काढून वाचीत असे, आणि तेव्हा ज्या देवाने तारले तो आताही तारील, असे त्या पुराव्यावरून मनाशी रुजुवात करून घेत असे.

ज्याला ही रुजुवात कधी साधली नाही, त्याचीच रोजनिशी सर्वांत अधिक वाचली जावी हा या इतिहासातील मोठा विपर्यास होय. डेव्हिड ब्रेनर्ड हा कनेक्टिकटमधील तरुण चौदा वर्षांचा होण्यापूर्वीच आईबापांविना पोरका झाला. येल विद्यालयातील एका अध्यापकाविषयी, त्याच्या अंगी या खुर्चीइतकीही ईश्वरकृपा नाही, असे काहीसे तो बोलून गेला, ते वरिष्ठांच्या कानी पडले आणि १७४२ साली त्याला विद्यालयातून काढून टाकण्यात आले. पुढे तो अमेरिकेतील मूळ रहिवाशांमध्ये धर्मप्रसारासाठी रानावनांतून फिरला, क्षयाने खंगला, आणि ९ ऑक्टोबर १७४७ रोजी वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी नॉर्थॅम्प्टन येथे जोनाथन एडवर्ड्स या विख्यात धर्मपंडिताच्या घरी वारला. मृत्यूपूर्वी त्याने आपल्या वह्या एडवर्ड्सच्या हवाली केल्या. काही जुन्या वह्या मात्र त्याच्याच इच्छेने नष्ट करण्यात आल्या.

एडवर्ड्सने १७४९ साली त्या संपादून छापल्या. प्रस्तावनेत त्याने वाचकाला सावध केले की हा पुरुष प्रकृतीनेच विषण्णतेकडे झुकणारा होता आणि शक्तीबाहेर श्रम करणारा होता, आणि या दोन गोष्टींचे अनुकरण कोणी करू नये. शिवाय मूळ हस्तलिखिताचा जो अंश आज उपलब्ध आहे त्याच्याशी छापील पाठ ताडून पाहता, संपादकाने उदासीची टोकाची वाक्ये काही ठिकाणी सौम्य केली असल्याचे दिसते. संपादक म्हणून हे योग्य की अयोग्य, यावर वाद होऊ शकेल. वैद्य म्हणून एडवर्ड्सचे निदान मला बरोबर वाटते. ब्रेनर्ड रोज लिही, अतिशय प्रामाणिकपणे लिही, आणि लिहून अधिकच खचे, कारण त्याच्या वहीत जमेची बाजू जवळजवळ कोरी होती, आणि मागे वळून वाचण्याइतके आयुष्यही त्याला लाभले नाही. १९८६ साली जेम्स पेनबेकर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने आपल्या सहकारिणीसह विद्यार्थ्यांना ओळीने चार दिवस पंधरा-पंधरा मिनिटे आपल्या दुःखांविषयी लिहावयास लावले. पुढील महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या हे सर्वत्र सांगितले जाते, पण लिहून उठताक्षणी त्यांचे मन अधिक जड झाले होते, ही त्याच प्रयोगातील गोष्ट सहसा सांगितली जात नाही. ब्रेनर्डला ती सांगावी लागली नसती.

ब्रेनर्डचे चरित्र मात्र जगभर गेले. वेस्लीने १७६८ साली त्याचा संक्षेप काढला. बंगालमधील श्रीरामपूर येथील विल्यम केरी व त्याचे सहकारी यांनी १८०५ साली आपसांत जो करारनामा केला, त्यात ब्रेनर्डकडे वारंवार पाहावे असे स्पष्ट कलम आहे. याच वर्षी केरीचे मराठी भाषेचे व्याकरण छापून निघाले, हे आपल्या दृष्टीने ध्यानात ठेवण्यासारखे आहे. खुद्द केरीची रोजनिशी १७९३ मध्ये सुरू होते आणि १७९५ मध्ये बंद पडते. त्या दोन वर्षांत त्याचा पाच वर्षांचा मुलगा वारला आणि बायकोला वेड लागले. नंतरची चाळीस वर्षे तो व्याकरणे, कोश व भाषांतरे यांत गढून गेला. सर्वांनाच वही मानवते असे नाही. काहींना काम मानवते.

ब्रेनर्ड वाचून ज्याचे आयुष्य पालटले असा दुसरा पुरुष म्हणजे हेन्री मार्टिन, आणि याची पावले प्रत्यक्ष आपल्या किनाऱ्यास लागली आहेत. कॉर्नवॉलमधील ट्रुरो येथे १७८१ साली जन्मलेला हा तरुण केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजातून १८०१ साली सीनियर रँग्लर, म्हणजे गणिताच्या परीक्षेत पहिला, झाला. याच कॉलेजातून ९८ वर्षांनी आपल्या रघुनाथ पुरुषोत्तम परांजप्यांनी तोच मान मिळविला. लिडिया ग्रेनफेल हिच्यावर त्याचे प्रेम होते, पण तिने त्याच्याबरोबर हिंदुस्थानात येण्याचे नाकारले, आणि गंमत अशी की तीही रोजनिशी लिहीत होती. दोन वह्या दोन खंडांत एकाच दुःखाचे दोन जबाब लिहून घेत होत्या. मार्टिन दानापूर व कानपूर येथे ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत उपदेशक होता, आणि त्याने नव्या कराराचे उर्दू भाषांतर केले. त्याची रोजनिशी स्वतःवरील आरोपांनी भरली आहे, आणि त्यांतले अधिक नाजूक मजकूर त्याने लॅटिन व ग्रीक भाषांत लिहिले आहेत.

१८११ च्या आरंभी प्रकृती ढासळल्यामुळे व फारसी भाषांतर सुधारावयाचे असल्यामुळे तो कलकत्त्याहून इराणकडे निघाला, तेव्हा त्याच जहाजावर पुण्याच्या रेसिडेन्सीवर जाण्यास निघालेला माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन होता. एल्फिन्स्टन स्वतः धर्माच्या बाबतीत थंड, ग्रीक काव्यांचा शौकीन, आणि रोजनिशी लिहिणारा. पण त्याने आपल्या या सहप्रवाशाविषयी जे लिहिले आहे, ते वाचून मार्टिनच्या वहीचा वाचक चकित होतो. इतका सौम्य, आनंदी आणि गोड स्वभावाचा मनुष्य आपण क्वचितच पाहिला, असा त्याचा अभिप्राय आहे. वाटेत मार्टिन गोव्यास उतरून फ्रान्सिस झेवियरची समाधी पाहून आला, आणि मुंबईस काही आठवडे राहून पुढे गेला. दिवसा डेकवर हसतखेळत बोलणारा हा तरुण रात्री वहीत स्वतःस निरुपयोगी सेवक ठरवीत होता. खरा मार्टिन कोणता, असे विचारण्यात अर्थ नाही. रोजनिशी ही रात्रीची असते एवढे ओळखून ती वाचावी. त्याची शेवटची नोंद ६ ऑक्टोबर १८१२ ची, तुर्कस्तानातील. ज्वराने जर्जर, अनोळखी मुलुखात, निर्दय वाटाड्याच्या तावडीत सापडलेला हा मनुष्य एका बागेत बसला आणि एकांतात देव हाच आपला सोबती व सांत्वनकर्ता आहे असे त्याने लिहिले. त्या नोंदीत आरोप नाही. दहाच दिवसांनी तो तोकात येथे वारला.

त्याच वर्षी हॅरिएट न्यूएल नावाची एकोणीस वर्षांची अमेरिकन मुलगी मॉरिशस बेटावर क्षयाने वारली. मॅसॅच्युसेट्समधील शाळकरी वयापासून ती रोजनिशी लिहीत होती. पती सॅम्युएल याच्यासह ती १८१२ च्या फेब्रुवारीत निघून कलकत्त्यास आली, परंतु कंपनी सरकारने मिशनऱ्यांना देशाबाहेर जाण्याचा हुकूम दिला. तेथून मॉरिशसला जाताना जहाजावरच तिचे मूल जन्मले, पाच दिवसांत गेले, आणि नोव्हेंबरच्या अखेरीस तीही गेली. १८१४ साली बोस्टन येथे तिची रोजनिशी व पत्रे छापली गेली, आणि न्यू इंग्लंडमधील कितीतरी मुलींच्या हाती ते पुस्तक पडले. पती सॅम्युएल न्यूएल मात्र मुंबईस येऊन अमेरिकन मराठी मिशनच्या आद्य कामकऱ्यांत सामील झाला आणि १८२१ साली येथेच पटकीने वारला. ज्या मिशनने पुढे अहमदनगरास १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ काढले, त्याच्या पायाभरणीच्या पिढीत हे असे एक घर होते.

मिशनने शाळा आणल्या, छापखाना आणला, पण रात्रीची बंद वही मराठी ख्रिस्ती समाजात फारशी रुजलेली दिसत नाही, आणि याचे कारण मला असे वाटते की येथे दुःख सांगण्याच्या वाटा आधीच तयार होत्या. नारायण वामन टिळक आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे म्हणत. ज्यांच्या मागे आत्मनिवेदनाच्या अभंगांची परंपरा उभी आहे आणि जे स्वतः अभंगच रचतात, त्यांना आपली व्यथा कुलूपबंद वहीत कोंडण्याचे प्रयोजन कोणते? आपल्याकडे ती व्यथा चारचौघांत म्हटली गेली, म्हणून ती भजनात आली, साक्षीत आली, आठवणींत आली.

पंडिता रमाबाईंची १९०७ साली प्रसिद्ध झालेली इंग्रजी साक्ष या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. अनंतशास्त्री डोंगऱ्यांचे ते तीर्थोतीर्थी हिंडणारे कुटुंब, दुष्काळात एकामागून एक गेलेले वडील, आई व बहीण, पुढे भावाचा आणि लग्नानंतर दोनच वर्षांत पतीचा वियोग, एवढ्या दुःखांचा ज्यांना अनुभव त्या बाईंनी ही हकीकत केवढ्या संयमाने सांगितली आहे! १८८३ साली बाप्तिस्मा घेतल्यावरही पुष्कळ वर्षे आपणास ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण खुद्द ख्रिस्त मिळाला नव्हता, असे त्या उघड सांगतात. आणि ही उणीव ध्यानात येण्यास कारण झाले ते हॅसलम नावाच्या एका इंग्रज पाद्र्याचे आत्मवृत्त. ब्रेनर्ड वाचून मार्टिन निघाला, हॅसलम वाचून रमाबाई थबकल्या. लिहिणाऱ्यास आराम पडो वा न पडो, त्याच्या कागदाने दूरच्या वाचकाला मात्र काही ना काही देऊन ठेवले. रमाबाईंची साक्ष केडगावच्या मुक्तिसदनातील शेकडो स्त्रियांमध्ये राहून लिहिलेली आहे, आणि तिच्यात स्वतःची झडती घेण्यापेक्षा आपण कोठून कोठे आणले गेलो हे दाखविण्याचाच उद्देश अधिक आहे.

आणि लक्ष्मीबाई टिळकांनी तर हा सारा प्रकारच उलटा करून टाकला. १८९५ साली पतीने धर्मांतर केले तेव्हा माहेरच्या माणसांत परत येऊन पडलेली, पुढे काही वर्षांनी त्याच्याकडे गेलेली आणि १९०० मध्ये स्वतः बाप्तिस्मा घेतलेली ही स्त्री, १९३४ पासून प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रां’त आपल्या वाट्याला आलेला विरह, अपमान, दारिद्र्य हे सारे सांगते, पण स्वतःच्या पापांची यादी तीत शोधू गेल्यास हाती काही लागत नाही. वर्षानुवर्षे जपलेला सोवळेपणा बसल्या बसल्या विचार करता करता कसा गळून पडला, हे सांगतानाही त्या स्वतःला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करीत नाहीत. स्वतःकडे पाहून हसतात. नेहेमाया वॉलिंग्टनला या हसण्याने धक्का बसला असता असा माझा संशय आहे, त्याच्या ग्रेसला कदाचित बसला नसता. लक्ष्मीबाईंना शाळेचे शिक्षण नव्हते, वाचणे-लिहिणे त्या लग्नानंतर शिकल्या, आणि टिळकांच्या मागे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ पुढे रचण्याचे प्रचंड कामही त्यांनी याच उतारवयात अंगावर घेतले होते. त्यातून स्वतःविषयी चार भागांचे पुस्तक लिहावयास त्यांना सवड कशी मिळाली, याचेच मला नवल वाटत आले आहे.